किंमत कोण मोजणार?

मी तत्त्वज्ञान शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस बहुधा गीतेबद्दल नाहीतर मोक्षाबद्दल बोलू लागतो. खानदेशात तर हे साहजिकच आहे. अमळनेरला १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठांनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं ते मुख्यतः वेदान्ताच्या अभ्यासासाठी. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा विचारवंत तिथे काही काळ संचालक होता, आणि तिथून निघणारं ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ देशभरातले अभ्यासक वाचत. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या गावात हे घडलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. माझा विषय मात्र मोक्षापासून बराच लांबचा आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या सीमेवरच्या एका महाविद्यालयात मी बी.ए.च्या मुलांना नीतिशास्त्र शिकवते, आणि त्यातही भांडणाचा भाग: गर्भपात, दयामरण, फाशी, सत्याग्रह. मुलं पारोळा, चोपडा, शिरपूर, साक्री अशा बाजूंनी एस.टी.ने येतात. वर्गात अहिराणी चालते, लेवा बोली चालते, पावरी कानावर पडते. प्रमाण मराठी बोलायची वेळ उत्तर देण्यापुरती येते.

अभ्यासक्रमाचा क्रम ठरलेला आहे. आधी सिद्धान्त, मग त्यांचं उपयोजन. बेंथॅम आणि मिल सांगतात, ज्या कृतीने जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं होतं ती योग्य. कांट सांगतो, परिणाम बाजूला ठेव; तुझा नियम सगळ्यांसाठी नियम म्हणून चालेल का ते बघ, आणि कुठल्याही माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नकोस. ॲरिस्टॉटल विचारतो, असं वागत राहिलास तर तू कसला माणूस होशील? तिघेही थोर आहेत आणि तिघांनीही माझी झोप उडवलेली आहे. पण या क्रमाने शिकवलं की मुलं सिद्धान्त गणितातल्या सूत्रासारखा वापरतात. प्रश्न घालायचा, उत्तर काढायचं. एकच मुलगा पहिल्या परिच्छेदात मिलच्या नावाने फाशी योग्य ठरवतो आणि दुसऱ्यात कांटच्या नावाने अयोग्य ठरवतो, दोन्हीकडे गुण घेतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. कांट स्वतः फाशीच्या बाजूचा होता हे सांगितलं की वर्ग चक्रावतो. मला ते चक्रावणं हवं असतं.

म्हणून मी क्रम उलटा केला. आधी घटना, तीही पूर्ण: कुठे, कधी, कोण होतं, कायदा काय होता, पैसा कोणाचा होता. सिद्धान्त त्यानंतर.

पाठ्यपुस्तकातली सगळ्यांत गाजलेली घटना मुळात काल्पनिक आहे. ब्रेक निकामी झालेली ट्राम धावते आहे, पुढे रुळावर पाच माणसं आहेत, सांधा बदलला तर ती दुसऱ्या रुळावरच्या एकाला चिरडेल. सुरत–भुसावळ लाइनच्या कडेला वाढलेल्या मुलांना हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, गेटमन कुठे होता? दुसरा येतो, ट्रॅकवर माणसं काम करत असताना लाल झेंडा का नव्हता? पुस्तकाच्या हिशेबाने हे प्रश्न चुकीचे, कारण ते गृहीतच मोडतात. मला ते फार शहाणपणाचे वाटतात. पाच की एक हा पेच उभा राहण्याआधी कुणीतरी काहीतरी केलेलं नसतं, आणि शेवटच्या क्षणी सांध्यापाशी सापडलेल्या माणसाच्या डोक्यावर सगळं ओझं येतं.

ही ट्राम फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी १९६७ साली एका निबंधात आणली. त्या निबंधाचा विषय ट्राम नव्हता, गर्भपात होता. मी ट्रामवरून थेट तिथेच येते.

१९७१ साली आपल्याकडे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. त्याच साली अमेरिकेत ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी गर्भपाताच्या बाजूने एक निबंध लिहिला. त्यातली कल्पना अशी: तुम्ही जागे होता तर तुमच्या शरीराला नळ्यांनी एक प्रख्यात व्हायोलिनवादक जोडलेला. त्याची मूत्रपिंडं निकामी झालेली, तुमच्या मूत्रपिंडांवर तो नऊ महिने जगणार. नळी काढलीत तर तो मरेल. तो माणूस आहे, त्याला जगण्याचा हक्क आहे, हे सगळं मान्य. पण तुमचं शरीर वापरण्याचा हक्क त्याला आहे का?

युक्तिवाद जोरदार आहे आणि मुलांना तो पटतो. मुली सुरुवातीला गप्प असतात. मग एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. “मॅडम, त्या बाईला निदान एकटीला ठरवायचंय. आमच्याकडे खाटेभोवती सासू, नणंद, नवरा सगळे उभे असतात.”

इतकी वर्षं त्या निबंधावर लिहिलेलं मी वाचत आले. त्याचं इतकं अचूक मर्म मला इतरत्र फारसं भेटलं नाही. सिद्धान्तातला निवड करणारा माणूस नेहमी एकटा, प्रौढ, मोकळा असतो. आमच्या वर्गातल्या मुलींनी पाहिलेला निर्णय तसा कधी झालेलाच नाही.

त्यानंतर मी फळ्यावर दोन आकडे लिहिते. जळगाव जिल्हा, शून्य ते सहा वर्षं वयोगट, दर हजार मुलग्यांमागे मुली. २००१ च्या जनगणनेत ८८०, २०११ च्या जनगणनेत ८४२. आकड्यांकडे बघत मुलं मनातल्या मनात आपल्या गल्लीतली घरं मोजतात, मला ते दिसतं. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली. मुंबईतल्या स्त्री-संघटना आणि डॉक्टर-कार्यकर्त्यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. देशाचा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये अधिक कडक झालेला. आणि तरीही दहा वर्षांत ८८० वरून ८४२.

इथे खरा पेच उभा राहतो. गर्भपात हा बाईचा निर्णय आहे असं मानलं, तर मुलगी आहे म्हणून केलेला गर्भपात चूक कसा? त्या स्त्री-संघटनांपुढेही हाच प्रश्न होता. गर्भपाताचा हक्क सोडायचा नाही आणि लिंगनिवड मान्य करायची नाही, ही भूमिका त्यांना तोलून मांडावी लागली. वर्गात पहिलं उत्तर उपयुक्ततावादाचं येतं आणि मुलगेच ते देतात: मुली कमी झाल्या तर लग्नं होणार नाहीत, बाहेरून मुली आणाव्या लागतील, समाज बिघडेल. परिणामांचा हिशेब बरोबर आहे. लग्न जमत नसलेले भाऊ आणि काका त्यांच्या घरात आहेत. पण त्यावर एक मुलगी उसळून म्हणाली, “म्हणजे पोरांना बायका मिळाव्यात म्हणून मी जन्मायचं?” वर्ग थांबला. कांटचं नाव मी तोपर्यंत घेतलेलं नव्हतं. माणसाला निव्वळ साधन करू नये, हे तिने स्वतःच्या जिवावरून सांगितलं होतं.

मग कांटकडे वळावं तर तिथेही वाट सरळ नाही. गर्भ ही व्यक्ती मानली तर सगळेच गर्भपात चूक ठरतात, आणि अत्याचारातून राहिलेल्या गर्भाच्या बाबतीत हे कुणी मान्य करत नाही. व्यक्ती मानली नाही तर साधन कोणाला केलं? माझं उत्तर मी वर्गात लपवत नाही. तिथे साधन झालेली असते ती आई. मुलगा देणारं शरीर म्हणून तिची तपासणी होते. आणि अपमान होतो तो जन्मलेल्या प्रत्येक मुलीचा. सोनोग्राफीच्या खोलीत घेतलेला तो निर्णय शेजारच्या घरातल्या पाच वर्षांच्या पोरीलाही तिची जागा सांगत असतो.

कायद्याने याहून पुढचं एक पाऊल टाकलं आहे. १९९४ च्या कायद्याचं कलम २४ सांगतं की लिंगनिदानासाठी आलेली गर्भवती स्त्री नवऱ्याच्या वा नातेवाइकांच्या जबरदस्तीने आली असंच न्यायालयाने धरावं, उलट सिद्ध होईपर्यंत. वर्गात यावर दरवर्षी कडाक्याचं भांडण होतं. एक बाजू म्हणते, बरोबरच आहे, खाटेभोवती कोण उभं असतं ते आपण पाहिलंय. दुसरी बाजू, आणि यात हुशार मुली असतात, म्हणते की हे बाईला अक्कल नाही असं म्हणण्यासारखं आहे. आमची आई शेत सांभाळते, बचत गट चालवते, आणि तिला स्वतःचं मतच नाही असं कायदा धरून चालतो? मी पहिल्या बाजूची आहे. दुसऱ्या बाजूचा मुद्दा मात्र मला खोडता आलेला नाही. संरक्षण आणि सन्मान एकाच कलमात सुखाने नांदत नाहीत.

याच वर्गातून माझी एक कसोटी तयार झाली. कोणत्याही सिद्धान्तातून कोणतंही उत्तर काढा, पण ज्याला त्या उत्तराची किंमत मोजावी लागणार आहे त्याच्यासमोर उभं राहून ते म्हणून दाखवा. ‘समाजाचा तोल राहावा म्हणून’ हे वाक्य त्या उसळून बोललेल्या मुलीसमोर म्हणता येत नाही. ‘गर्भपात हे नेहमीच पाप’ हे अत्याचार झालेल्या अल्पवयीन मुलीसमोर म्हणता येत नाही. मुलांना ही कसोटी लगेच कळते. तिच्या मर्यादाही त्यांनीच मला दाखवल्या, आणि त्या कळल्या साने गुरुजींच्या निमित्ताने.

साने गुरुजी अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला. तिथे त्यांचं मन रमलं नाही. १९२४ मध्ये ते प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले, छात्रालयातल्या मुलांची आई झाले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर जी प्रवचनं दिली, ती उतरवून घेतली गुरुजींनीच. त्यांनी १ मे १९४७ ला पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, प्राणांतिक उपोषण सुरू केलं. विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना उघडावं ही मागणी. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर हिंडून लोकमत तयार करत होते. उपोषणाला गांधीजींचीही संमती नव्हती. गुरुजी मागे हटले नाहीत. १० मे रोजी दार उघडण्याचं ठरलं आणि उपोषण सुटलं. मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदाही त्याच वर्षी झाला.

आमच्या भागात गुरुजींवर टीका करणं कठीण आहे, आणि मला स्वतःलाही ती करायला आवडत नाही. पण प्रश्न विचारायलाच हवा: मी मरेन असं सांगून समोरच्याचं मत बदलायला लावणं ही जबरदस्ती नाही का? कांटच्या कसोटीवर हा नियम टिकत नाही. प्रत्येकजण आपापल्या हट्टासाठी उपोषणाला बसला तर युक्तिवादाला जागाच उरणार नाही. परिणामांच्या कसोटीवर एका माणसाचे दहा दिवसांचे हाल आणि बदल्यात शतकांचं दार उघडणं, हिशेब फायद्याचा. ॲरिस्टॉटलच्या नजरेने पाहिलं तर सगळं आयुष्य मुलांचे अश्रू पुसण्यात घालवलेल्या माणसाने हे केलं, आणि त्याच्या स्वभावातून ते सरळ उगवलं.

मग मी दुसरं उपोषण शेजारी ठेवते. सप्टेंबर १९३२, येरवडा. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ देण्याच्या निवाड्याविरुद्ध गांधीजींचं उपोषण, आणि २४ सप्टेंबरला झालेला पुणे करार. साधन तेच, माणूस तितकाच थोर. पण ते उपोषण फसलं असतं आणि गांधीजी गेले असते तर देशभरातल्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांवर काय कोसळलं असतं? आंबेडकरांना सही करताना हे ओझं वागवावं लागलं. तिथे दबाव पडला तो आधीच दबलेल्यांवर. पंढरपुरात दबाव होता दार धरून बसलेल्यांवर. दोन उपोषणांतला हा फरक कांटच्या नियमात दिसत नाही, मिलच्या बेरजेतही दिसत नाही. किंमत कोणाच्या अंगावर आली हे विचारलं की लगेच दिसतो. माझी कसोटी इथे चोख चालली असं मला वाटत होतं.

तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आमना पणजाले कोनी इचारं व्हतं का?” त्याच्या पणजोबांची हकिकत त्याच्या घरात सांगितली जाते. दार उघडल्याची बातमी आली, गावातल्या कार्यकर्त्यांनी पंढरपूरला चला म्हटलं, आणि ते गेले नाहीत. बाबासाहेबांनी १९३० मध्ये नाशकात काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह सुरू केला होता, पण १९३५ मध्ये येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा केली होती. १९४७ साली मंदिराचं दार ही त्या पणजोबांची मागणीच राहिलेली नव्हती. किंमत मोजणाऱ्याला विचारायचं हे ठीक, पण ज्याच्या भल्यासाठी चाललंय म्हणता त्यालाही विचारायचं की नाही?

वारकरी घरातली एक मुलगी त्यावर तितक्याच तळमळीने बोलली. ते दार बंद असणं हे आमच्यावरचं पाप होतं, म्हणाली. गुरुजी कुणावर उपकार करायला बसले नव्हते, आमचं पाप धुवायला बसले होते, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. त्या मुलाने ऐकून घेतलं. “मग तसं सांगावं,” म्हणाला, “आमच्यासाठी बसले असं सांगू नये.” मला वाटतं या दोघांनी मिळून गुरुजींच्या उपोषणाबद्दल जे म्हटलं, ते कुठल्याही गौरवग्रंथापेक्षा त्यांच्या जास्त जवळ जाणारं होतं. गुरुजींनी ते आनंदाने ऐकून घेतलं असतं अशी माझी श्रद्धा आहे.

या दोन्ही घटनांत निदान दोन बाजू आहेत. राईनपाड्याच्या बाबतीत बाजूच नाही. साक्री तालुका, १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजार. भिक्षा मागत हिंडणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज मोबाइलवर फिरत होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मरेपर्यंत मारलं. कांट, मिल, ॲरिस्टॉटल यांना एका रांगेत उभं केलं तरी तिघे एकच उत्तर देतील. मग नीतिशास्त्राच्या तासाला हे कशाला घ्यायचं, असं मला एका सहकाऱ्याने विचारलं होतं. मी घेते, कारण मारणाऱ्यांबद्दल वाद नसला तरी त्यांच्या आजूबाजूच्यांबद्दल आहे. मेसेज पुढे पाठवणाऱ्या आईने लेकरांच्या काळजीने पाठवला. तिची इच्छा शुद्ध होती, म्हणून ती सुटते का? बघत उभा राहिलेला, व्हिडिओ काढणारा, ‘मला काय करायचंय’ म्हणून घरी गेलेला, यांचा वाटा किती? माझी कसोटी इथे लंगडी पडते. किंमत मोजली ते आता समोर नाहीत, त्यांच्यासमोर कुणालाच काही म्हणून दाखवता येत नाही. उरतात मंगळवेढ्याकडची घरं, आणि दर हंगामात आमच्या गावांवरून जाणारी बहुरूपी, नंदीबैलवाले, डवरी यांची पालं. २०१८ नंतर ती लोकं आपल्या गावात थांबायला भितात, असं मुलं सांगतात.

साक्रीकडच्याच एका मुलाने त्या तासानंतर मला वऱ्हांड्यात गाठलं. त्याच्या भाऊबंदांचा एक ग्रूप आहे, काका चालवतात, आणि त्यावर असे मेसेज अजून येतात. ग्रूप सोडावा की थांबून बोलावं? सोडला तर आपले हात स्वच्छ राहतात. थांबलं तर घरच्या वडीलधाऱ्यांशी वाकडं घ्यावं लागतं. आम्ही बराच वेळ बोललो. मी म्हटलं, ग्रूप सोडून तुझं समाधान होईल, पण त्या पालातल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. तो थांबला. आता तशा प्रत्येक मेसेजखाली तो एवढंच लिहितो: कोणी पाहिलं? कोणत्या गावात? कोणत्या दिवशी? पोलिसात कोणी गेलं? काकांनी त्याला एकदा ग्रूपमधून काढलं. घरातल्या लग्नाचा निरोप सगळ्यांना द्यायचा होता म्हणून पुन्हा घेतलं. गेल्या पोळ्याला पुन्हा एक मेसेज आला, तेव्हा त्याच्या आधी चुलतबहिणीनेच विचारलं होतं, कोणत्या गावात? उत्तर आलं नाही, आणि मेसेज पुढे गेला नाही.